क्रमांकपट्टीची नोंद आणि कायद्याची मर्यादा



गावात कोण आले, कोण गेले, हे वेशीवरचा रखवालदार पाहतो. त्यास कोणी हरकत घेत नाही. परंतु प्रत्येकाचे येणेजाणे त्याने वहीत टिपले आणि ती वही मागेल त्याच्या हाती दिली, तर गावकरी स्वस्थ बसणार नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला.

तेथे रस्त्यांवर व पोलिसांच्या गाड्यांवर बसविलेले कॅमेरे जाणाऱ्या प्रत्येक वाहनाची क्रमांकपट्टी वाचतात आणि स्थळ, दिनांक व वेळ नोंदवितात. चोरीच्या वाहनांच्या यादीशी क्रमांक जुळताच पोलिसांना सूचना मिळते. हा उपयोग मोठाच आहे. प्रश्न आहे तो न जुळलेल्या नोंदींचा. राज्य लेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालानुसार लॉस एंजेलिस पोलिसांपाशी ३२ कोटी छायाचित्रे साठली होती. त्यांपैकी यादीशी जुळलेली केवळ ४ लाख. बाकीचे प्रवासी निर्दोष होते. तरी कोण दवाखान्यात गेले, कोण वकिलाकडे, हे त्या नोंदींवरून उमगू शकते.

यास्तव २०१५ मध्ये कायदा संमत झाला व १ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आला. या कायद्यान्वये शासकीय संस्थेस ही माहिती विकता येत नाही. ती राज्यातील अन्य शासकीय संस्थेसच देता येते. वापराचे लेखी धोरण जाहीर करावे लागते. माहिती कोणी, केव्हा व कशासाठी पाहिली, याची नोंद ठेवावी लागते. नियमभंगामुळे हानी झालेल्या नागरिकास दिवाणी न्यायालयात किमान २,५०० डॉलर भरपाई मागता येते.

तथापि कायदा केल्याने काम संपत नाही. मरीन काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने ही माहिती केंद्रीय व परराज्यांतील यंत्रणांना दिल्यावरून २०२१ मध्ये दावा दाखल झाला. २०२२ मधील तडजोडीने ती प्रथा थांबली. केंद्रीय आणि परराज्यांतील यंत्रणा कायद्यातील ‘शासकीय संस्था’ या व्याख्येत बसत नाहीत, असे महान्यायवादी रॉब बॉन्टा यांनी २०२३ मध्ये सर्व पोलीस खात्यांना कळविले. पुढे २०२५ मध्ये त्यांनी एल कहोन शहरावर याच कारणासाठी खटला भरला. या कटाक्षाचे कारण उघड आहे: नोंद एकदा राज्याबाहेर गेली, की तिच्यावर राज्याच्या कायद्याचा अंकुश उरत नाही.

न्यू हॅम्पशायर राज्याने याहून कडक मार्ग पत्करला. तेथे न जुळलेली नोंद तीन मिनिटांत पुसून टाकावी लागते. जी नोंद उरतच नाही, ती परक्या हाती जाण्याचे भयही उरत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. चोर पकडला गेलाच पाहिजे. पण चोराच्या शोधात सावाची वही गावोगाव फिरू नये, एवढाच या मर्यादेचा अर्थ होय.