आलेला आकडा लिहा

(पदविका व पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी झालेल्या मार्गदर्शन शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तेरा-चौदा वर्षं नोकरी करतोय. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये कसं शिरायचं हे मी सांगेन, असं तुम्हाला वाटत असेल. पण आज मी अ‍ॅनालॉग सर्किट डिझाइन या विषयावर बोलणार आहे. ते माझं काम नाही, माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. ती या विषयात एम.टेक. करतेय. तिने हा रस्ता धरू नये म्हणून घरात सगळ्यात जास्त विरोध मी केला होता. तेव्हा हे भाषण म्हणजे थोडी माहिती आणि थोडी कबुली आहे.

आधी विषय समजून घेऊ. संगणकाला शून्य आणि एक कळतात. पण आपला आवाज, शरीराचं तापमान, हृदयाचे ठोके हे शून्य-एकमध्ये येत नाहीत. ते कमी-जास्त होत सलग येतात. ईसीजी काढताना छातीच्या कातडीवर मिळणारा सिग्नल साधारण १ मिलिव्होल्टचा असतो. त्याच वेळी घरातल्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची वीज त्या तारांमध्ये घुसते आणि ती कितीतरी मोठी असू शकते. त्या गोंधळातून हृदयाचा एवढासा सिग्नल वेगळा काढायचा, मोठा करायचा, आणि मग त्याचे आकडे करून संगणकाला द्यायचे. हे काम अ‍ॅनालॉग सर्किटचं. तुमच्या मोबाइलमधला माइक, रेडिओ, चार्जर, सगळीकडे ते आहे. मी लिहितो तो प्रोग्रॅम त्यानंतर सुरू होतो.

डिजिटल चिपमध्ये आपण वर्णन लिहितो आणि त्यावरून लाखो गेट जोडण्याचं काम बरंचसं सॉफ्टवेअर करतं. अ‍ॅनालॉगमध्ये अजूनही माणूस एकेका ट्रान्झिस्टरची लांबी-रुंदी ठरवतो. ट्रान्झिस्टर मोठा केला तर कमी फ्रिक्वेन्सीचा नॉइज कमी होतो, पण चिपवर जागा जास्त लागते. करंट वाढवला तर दुसऱ्या प्रकारचा नॉइज कमी होतो, पण बॅटरी लवकर संपते. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं, आणि किती सोडायचं याचा हिशेब स्वतः करावा लागतो.

हा हिशेब करणाऱ्या विद्यार्थ्याचं शिक्षण कसं झालेलं असतं? लोकांना वाटतं, मोठं कॉलेज, इंग्रजी शाळा, नव्वद टक्के. माझ्या बहिणीचं सांगतो.

आम्ही मालेगावचे. अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग अडला की तो उघडून चालू करणं हे त्यांचं काम. आम्हा दोघांची शाळा उर्दू माध्यमाची. दहावीनंतर तिने इलेक्ट्रॉनिक्सची पदविका केली आणि मग डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला गेली. पदविकेतून आलेल्या मुलांची अडचण इथे बसलेल्या अनेकांना माहीत आहे. हात चालतो, सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर धरता येतो. पण पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि समोर एकदम लाप्लास ट्रान्सफॉर्म येतो. एम-थ्री तिचा राहिला होता. एटीकेटी लागली. ती दोन दिवस जेवली नाही.

भाषेचं म्हणाल तर शाळेत ती ‘मुजाहमत’ शिकली, मराठी पुस्तकात त्याला ‘रोध’ म्हणतात, पदविकेला त्याचं ‘रेझिस्टन्स’ झालं. ‘बर्की रौ’चा ‘करंट’ झाला. पहिलं वर्ष अवघड गेलं हे खरं. पण ओहमचा नियम तिन्ही भाषांत तोच आहे. ज्याला तो एका भाषेत नीट कळला त्याला तो पुन्हा शिकावा लागत नाही, फक्त नावं बदलावी लागतात. उर्दू किंवा मराठी माध्यम म्हणजे कमी बुद्धी, हे आपणच आपल्या मुलांना सांगणं आता बंद करू या.

आता मुख्य गोष्ट. इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये ७४१ नावाची एक आयसी असते. हा ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागर यांनी बनवला, आणि आपल्या कॉलेजांत तो अजून शिकवतात. एक प्रॅक्टिकल असतं: दोन रेझिस्टर असे लावायचे की सिग्नल १०० पट मोठा व्हावा. मग मोजायचं आणि जर्नलमध्ये लिहायचं. बहिणीने मोजलं तर ४५ पट आलं. तिने सरांना दाखवलं. सर म्हणाले, “कनेक्शन लूज असेल. १०० लिही आणि सही घे.” सगळ्या बॅचने १०० लिहिलं होतं.

हिने नाही लिहिलं. तिने वायर बदलल्या, आयसी बदलली, तरी ४५. मग तिचं लक्ष गेलं की फंक्शन जनरेटर आधीच्या बॅचने २० किलोहर्ट्झवर ठेवला होता. तिने तो १ किलोहर्ट्झवर आणला, तर जवळपास १०० आलं. ५ वर साधारण ९०. १० वर ७०. पुन्हा २० वर ४५. मग तिने ७४१ ची डेटाशीट शोधून वाचली. तिथे लिहिलेलं होतं की या आयसीचा गेन आणि बँडविड्थ यांचा गुणाकार साधारण १ मेगाहर्ट्झ असतो. म्हणजे १०० पट मोठं करायचं असेल तर १० किलोहर्ट्झपर्यंतच काम नीट चालणार, पुढे घसरणार. सूत्रात मांडलं तर २० किलोहर्ट्झला उत्तर ४५ च्या जवळ येतं. तिचा आकडा बरोबर होता. जर्नलमधले सगळे १०० खोटे होते.

आता माझी कबुली. मीही इलेक्ट्रॉनिक्सचाच पदवीधर आहे, २०११ च्या बॅचचा. हेच प्रॅक्टिकल मीही केलं होतं. मला किती आलं होतं ते आठवतही नाही, कारण मी बघितलंच नाही. मी १०० लिहिलं. सही मिळाली, गुण मिळाले, सॉफ्टवेअर कंपनी कॅम्पसला आली आणि मी गेलो. घराला पगाराची गरज होती, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण चार वर्षं शिकलेला विषय मला येत नव्हता, हे मी कुणाला कळू दिलं नाही.

म्हणूनच पदवीनंतर ती म्हणाली, “भाईजान, मी गेट देते, मला अ‍ॅनालॉग करायचंय,” तेव्हा मी सरळ सांगितलं, “वेडी आहेस का? कोडिंग शीक, सहा महिन्यांत लावून देतो.” अम्मीला काळजी लग्नाची. ती म्हणाली, “और कितना पढ़ेगी?” अब्बा तेवढे गप्प राहिले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “माग का अडला हे बघितल्याशिवाय जो सुताची गाठ मारतो, त्याचा माग तासाभरात पुन्हा अडतो. ती बघणारी आहे. तिला बघू दे.”

गेटचा इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर ३ तासांचा, ६५ प्रश्नांचा, १०० गुणांचा असतो. पहिल्या वर्षी तिला पुरेसा स्कोअर आला नाही. दुसऱ्या वर्षी आला. एका मोठ्या संस्थेत मुलाखत झाली. तिथे टक्केवारी कुणी विचारली नाही. फळ्यावर दोन सारखे कपॅसिटर काढले, मध्ये एक रेझिस्टर. एक कपॅसिटर १ व्होल्टला भरलेला, दुसरा रिकामा. जोडल्यावर काय होईल? दोन्हीवर अर्धा-अर्धा व्होल्ट, ती म्हणाली. मग ऊर्जेचा हिशेब कर. केला, तर आधीच्या निम्मीच उरली. बाकीची कुठे गेली? रेझिस्टरमध्ये, उष्णता होऊन. रेझिस्टर लहान केला तर कमी जाईल का? इथे बरेच जण ‘हो’ म्हणतात. तिने खडू घेतला, करंटचं समीकरण लिहिलं, वर्ग करून इंटिग्रेट केलं. शेवटच्या ओळीत रेझिस्टरची किंमत कटून गेली. रेझिस्टर कितीही असो, निम्मी ऊर्जा जातेच. तिची निवड झाली.

बघा, यातलं काहीही बारावी आणि दुसऱ्या वर्षाच्या पलीकडचं नाही. या विषयाला लागणारा पाया छोटा आहे, पण तो पक्का लागतो. नेटवर्क थिअरी, म्हणजे किरचॉफ आणि थेवेनिन डोळे मिटून. सिग्नल्स अँड सिस्टिम्स, म्हणजे तोच लाप्लास जो तिला एकदा नापास करून गेला. ट्रान्झिस्टर आतून कसा चालतो. फीडबॅक. आणि नॉइज समजण्यापुरतं संभाव्यतेचं गणित. एवढं स्वतःच्या हाताने सोडवलेलं असेल तर तुम्ही तयार आहात.

शिकायला पैसे लागत नाहीत, हे पालकांनी ऐकावं. एनपीटेलवर आयआयटी मद्रासच्या प्राध्यापकांची या विषयावरची पूर्ण व्याख्यानमाला फुकट आहे. बेहजाद रझावी यांचं अ‍ॅनालॉग सीमॉसवरचं पुस्तक जगभर वापरलं जातं, आणि त्यांची इलेक्ट्रॉनिक्सची व्याख्यानं यूट्यूबवर कुणीही बघू शकतं. ते तेहरानच्या शरीफ विद्यापीठातून पदवी घेऊन मग स्टॅनफर्डला गेले. सर्किट तपासायला एनजीस्पाइस हे मोफत सॉफ्टवेअर आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरच्या चिपसाठी लागणारी डिझाइनची माहिती सगळ्यांना खुली केली. माझ्या वेळी यातलं फारच थोडं होतं.

पैशाचं खरं चित्रही सांगतो. गेटमधून एम.टेक.ला गेलेल्या विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, दोन वर्षं. त्यात राहणं-खाणं भागतं, घरी पाठवायला उरत नाही. आमच्याकडे मी कमावता होतो म्हणून जमलं. ज्या घरात कुणीच कमावतं नाही तिथे आधी नोकरी करावी लागली, तर त्यात कमीपणा नाही. गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो. पुढे कामही आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बेंगळुरूत डिझाइन केंद्र सुरू केलं, त्यानंतर अनेक कंपन्या तिथे, हैदराबादला, नोएडाला आल्या. पण नोकरी हमखास, असं मी सांगणार नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका.

आज ती ईसीजीसारख्या लहान सिग्नलसाठी कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर डिझाइन करतेय. अम्मी आता शेजारणींना सांगते, दिल की मशीन बनाती है. ते काही अगदी बरोबर नाही, पण आम्ही दुरुस्त करत नाही.

तुमच्यापैकी फार थोडे अ‍ॅनालॉगला जातील. पण प्रॅक्टिकल सगळ्यांनाच करायचंय. तेव्हा विद्यार्थ्यांना एकच विनंती आहे: पुढच्या वेळी जो आकडा येईल तोच लिहा. शेजारच्याचा बघू नका, पुस्तकातला उतरवू नका. चुकीचा वाटला तर का आला ते शोधा. मी चौदा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतोय, आणि हे मला नोकरीत खूप उशिरा शिकावं लागलं. शिक्षक इथे असतील तर त्यांनाही हात जोडून सांगतो, ४५ लिहिणाऱ्या मुलीला सही द्या. आणि पालकहो, घरातल्या मुलीने प्रश्न विचारला तर माझ्यासारखं लगेच उत्तर देऊ नका. अब्बांसारखं थोडं थांबा.

आता तुमचे प्रश्न विचारा. ज्याचं उत्तर मला येणार नाही, त्यासाठी तिला फोन लावतो. तिने आज संध्याकाळ मोकळी ठेवली आहे.