आधीं दुकान, मग दंड
(मनमाड येथील कामगार स्त्रीपुरुषांपुढें केलेलें भाषण)



मनमाड हें रेल्वेचें जंक्शन, घाम गाळणाऱ्यांचें गांव. पगाराच्या दिवशीं दारूचें दुकान काय करतें, हें तुम्हांस सांगावयास नको.

विलायतेंत काय झालें पहा. १८३० च्या कायद्यानें तेथें दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्यास बिअर विकण्याची मोकळीक मिळाली. १८३५ त नगरसभांना पोलीस ठेवावे लागले. १८७२ त रस्त्यांत झिंगणाऱ्यास दंड ठरला. म्हणजे आधीं दुकान मांडलें, मग गिऱ्हाईक पकडलें! घरांत पिणारा धनिक सुटला, रस्त्यावरचा मजूर सांपडला.

आपल्या जोतीराव फुल्यांनीं मात्र रोगाचें मूळ धरलें. पुणें नगरपालिकेचे सभासद असतां १८८० सालीं त्यांनीं दारूच्या दुकानांविरुद्धच लेखी तक्रार केली.

आजही झिंगून धिंगाणा घालणाऱ्यास शिक्षा आहे. पण दंड भरतो बाप, उपाशी राहतात पोरें! मायबहिणींनो, २००८ च्या शासन-आदेशानें वॉर्डांतलें दुकान मतदानानें बंद करण्याचा हक्क तुम्हांस आहे. त्यास एकूण स्त्री-मतदारांपैकीं निम्म्यांहून अधिक मतें लागतात. घरीं बसलेलीचें मत दुकानदाराच्या पदरांत पडतें. म्हणून उठा, आणि बाटली आडवी करा!