रद्द तिकिटाचा परतावा : उपकार नव्हे, अधिकार



दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन पाळला जातो, कारण १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्याही बारा वर्षे आधी, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले होते. त्या काळचा ग्राहक वजनमापात नाडला जात असे; आजचा ग्राहक संगणकाच्या पडद्यावरील अटी न वाचताच 'मान्य आहे' म्हणतो आणि नाडला जातो. विमानाचे तिकीट हे त्याचे ठळक उदाहरण होय.

समजा, पुण्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी मुलीच्या बाळंतपणासाठी दिल्लीची दोन तिकिटे काढली. निघण्याच्या आठवडाभर आधी पत्नीचा पाय मोडला. पडद्यावर 'परतावा नाही' असे शब्द दिसले आणि गुरुजींनी पैसे बुडाले असे समजून तिकीट रद्ददेखील केले नाही. सज्जन माणसाचा संकोच अशा वेळी त्यालाच महाग पडतो.

तिकिटाची रक्कम एकजिनसी नसते. मूळ भाडे आणि इंधन अधिभार हा कंपनीचा भाग. सरकारी कर आणि विमानतळाचे वापरकर्ता शुल्क कंपनी केवळ गोळा करते. प्रवास झालाच नाही, तर ही रक्कम तिने ठेवण्याचे कारणच उरत नाही. म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार हे वैधानिक कर व विमानतळ शुल्क परत करावेच लागते. तिकीट सवलतीचे असो, 'परतावा नाही' या वर्गातील असो, वा प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नसो.

दुसरा नियमही तितकाच मोलाचा. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक असू शकत नाही. उदाहरणार्थ, ही बेरीज ३,२०० रुपये आणि कर व विमानतळ शुल्क ९०० रुपये असेल, तर कंपनी फार तर ३,२०० कापू शकेल. उरलेले ९०० प्रवाशाचेच. पोर्टलने घेतलेले सेवाशुल्क मात्र बहुधा परत मिळत नाही.

तिसरी गोष्ट 'क्रेडिट शेल'ची. पैशांऐवजी पुढील प्रवासासाठी रक्कम कंपनीकडे ठेवावी की नाही, हे ठरविणे प्रवाशाच्या हाती आहे; कंपनी ते लादू शकत नाही. तिकीट एजंट वा पोर्टलमार्फत काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते. आणि उड्डाण कंपनीनेच रद्द केले, तर पर्यायी विमान की पैसे परत, याची निवड प्रवाशाची.

तिकीट काढल्यावर विचार बदलण्याची मुभाही आहे. २०१६ च्या नियमावलीत ती २४ तासांची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती ४८ तासांची करण्याचा मसुदा महासंचालनालयाने प्रसिद्ध केला. उड्डाणाला किती दिवस उरले आहेत यावर ही मुभा अवलंबून असते. म्हणून तिकीट काढतानाच लागू असलेली मर्यादा पाहून घ्यावी.

नियम असले तरी ते मागावे लागतात, हे कोरोनाकाळाने शिकविले. टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे काहीही न कापता परत करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी सांगितले. तरीही एका पोर्टलकडे अडकलेल्या प्रवाशांच्या रकमेसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२४ मध्ये आदेश द्यावा लागला.

तेव्हा तिकीट काढतानाच भाड्याचा तपशील जपून ठेवावा. प्रवास होणार नसेल, तर उड्डाणापूर्वी तिकीट रद्द करावे. परतावा न आल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार, नंतर केंद्र सरकारचे 'एअरसेवा' किंवा १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, या क्रमाने जावे. २०१९ च्या कायद्यानुसार ही तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते.

गुरुजींचे नऊशे रुपये ही रक्कम लहान असेल. पण असे हजारो गुरुजी गप्प बसले, तर त्या मौनाचाच व्यापार होतो. घामाच्या पैशाचा हिशेब मागण्यात कोणताही कमीपणा नाही. जागरूक नागरिकाचे ते कर्तव्यच आहे.