पिएर आणि धोंडो



धारेश्वराच्या या धायरी गावात आम्ही फ्रेंचांच्या एका नावावर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण ते नाव एके काळी मराठी फौजेत वावरून गेले आहे. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली, तीत शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पेरों नावाचा फ्रेंच सरदार होता. त्याचे मूळ नाव पिएर. पेरों हे पिएरचेच लाडके रूप. आपल्याकडे धोंडोचा धोंडिबा होतो, तसे.

आणि ही उपमा आम्ही उगाच दिली नाही. पिएर म्हणजे धोंडाच! फ्रेंच भाषेत वाटेवरच्या दगडालाही आजतागायत हाच शब्द आहे.

येशूने सायमन नावाच्या कोळी शिष्याला आरामी भाषेत ‘केफा’, म्हणजे खडक, असे नाव दिले आणि या खडकावर आपली मंडळी उभारण्याचे वचन दिले. केफाचा ग्रीकांनी पेत्रोस केला, रोमनांनी पेत्रुस. मराठी बायबलात तो पेत्र झाला, गोव्यात पोर्तुगीजांच्या पेद्रोवरून पेद्रू झाला. मूळ वचनातला श्लेष फ्रेंचमध्ये जसाच्या तसा उतरतो. मराठीत पेत्र म्हटले की तो हरवतो. भाषांतरकाराने शिष्याला धोंडोपंत म्हटले असते तर श्लेष साधला असता, पण प्रार्थनेत हशा पिकला असता!

पेत्रुसमधला ‘त’ कोठे गेला? आपण रात्रीची रात केली, सूत्राचे सूत केले. जोडाक्षरातला ‘र’ टाकून ‘त’ ठेवला. फ्रेंचांनी नेमके उलटे केले. ‘त’ गिळला, ‘र’ राखला. पुढे १८०३ च्या कायद्याने फ्रान्समध्ये संतांच्या पंचांगातली किंवा प्राचीन इतिहासातलीच नावे मुलांना ठेवावीत असा दंडक आला. तो १९९३ साली सुटला. पिएरला त्याची झळ लागण्याचे कारणच नव्हते. २९ जून हा त्याच्या संताचा दिवस पंचांगात होताच.

आता आपला धोंडा पाहा. १८५७ चे नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत. येथून मुठेपलीकडे हिंगण्याच्या माळावर १९०० साली आपला आश्रम नेणारे महर्षी कर्वे हे धोंडो केशव. पुण्याचा मानाने मिरवणारा गणपती दगडूशेठांच्या नावाने ओळखला जातो. तरीही दगडू म्हटले की वर्गातली पोरे हसतात. शेंदूर फासलेल्या दगडापुढे हात जोडणाऱ्या आपल्या लोकांना या नावाची लाज का वाटावी?

लाजेचे कारण नावाच्या जन्मात आहे. एकामागून एक मुले दगावली, की पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, उकिरडा असे टाकाऊ नाव ठेवीत. देवाची, मृत्यूची दृष्ट जाऊ नये म्हणून. हे काही रत्न नव्हे, दगड आहे, याला नेऊन काय करणार, असे आई काळाला सांगत असे. लोक याला भाबडेपणा म्हणतात. आम्हांला त्यात त्या बाईची हुशारी दिसते. तिच्या हाती दुसरे होते तरी काय? ना लस, ना वैद्य.

जुन्या फ्रान्समध्येही मुले अशीच जात. पण तेथे पुष्कळदा गेलेल्या मुलाचेच नाव मागून आलेल्याला देत. पिएर गेला, पुन्हा पिएर. म्हणजे तेथल्या आईने गेलेल्याला पुन्हा हाक मारली आणि येथल्या आईने असलेल्याला लपवले. दोघींनी हाती घेतला तो दगडच, पण एकीने तो संताचा म्हणून घेतला, दुसरीने वाटेवरचा म्हणून.

पुढे शाळेच्या दाखल्यावर दगडूचा दिलीप होतो. त्यात गैर काही नाही. घरी मात्र आई त्याला दगड्या म्हणूनच हाक मारते. चारचौघांत तो तिच्यावर चिडतो. त्याच्या आधीच्या भावंडांची नावे तिने त्याला सांगितलेली नसतात.