घाटवाट आणि सोबत



आजचा विषय फलकावर वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. वसंत व्याख्यानमालेत सहकारावर, शेतीवर, इतिहासावर, संतवाङ्मयावर बोलणारे पुष्कळ; मोटारसायकलवर बोलायला उभा राहणारा विरळाच. परंतु ज्या वाहनावर लटकविलेल्या कॅनांतून आपल्या वाड्यावस्त्यांवरचे दूध डेअरीपर्यंत येते, ज्यावर बसून शेतकरी उसाला पाणी पाजावयास जातो, आणि ज्यावर बसून आपली मुले पहिल्या पावसाबरोबर पन्हाळ्याकडे धाव घेतात, त्या वाहनाचा चार घटका विचार करणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

या वाहनाचे वय फार नाही. १८८५ साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख या दोघांनी पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी तयार केली. तिची चौकट लाकडाची होती. आपल्या देशात १९५५ साली मद्रासेस बुलेट बनू लागली, ती मुख्यत्वे सैन्याच्या मागणीमुळे. पुढे म्हैसूरची जावा आली, राजदूत आली, आणि घोडे व बैलगाडी यांच्यावर ज्यांची भिस्त होती त्या आमच्या मुलुखात डोंगर एकाएकी जवळ आले.

असाच एक डोंगर गाठण्यासाठी मी व माझा एक जुना मित्र भाद्रपदात वारणानगरहून निघालो. कोडोलीवरून बोरपाडळ्यास यावे, तेथे रत्नागिरीचा हमरस्ता धरावा, आणि बांबवडे, मलकापूर मागे टाकीत आंब्यास पोहोचावे, असा हा ५०-६० किलोमीटरांचा मार्ग. अंतर थोडे, पण त्यात किती देश बदलतात पहा! आरंभी दोहोंबाजूंस वारणेचा ऊस. बांबवड्याच्या पुढे ऊस हळूहळू मागे पडतो आणि भाताची खाचरे दिसू लागतात. मलकापूर ओलांडले की हवा बदलते, अंगावरचा सदरा दमट होतो, आणि आंब्याजवळ तर दाट झाडी रस्त्यावर येऊन भिडते. या शाहूवाडीच्या डोंगरातली कडवी नदी पुढे आपल्या वारणेस मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपुरास कृष्णेस मिळते. घाटमाथ्याच्या अलीकडे पडलेला थेंब बंगालच्या उपसागराकडे निघतो, आणि पलीकडे हातभर अंतरावर पडलेला थेंब कोकणातून अरबी समुद्रास जातो. आपल्या उसातील गोडीचे मूळ पहावयाचे असेल, तर ते येथे धुक्यात पहावयास मिळते.

सह्याद्रीची आणखी एक गंमत आहे. आपल्या बाजूने त्याचा चढ इतका सावकाश आहे की आपण चढतो आहो हे कळतच नाही. आणि मग साखरप्याच्या बाजूस जमीन एकदम पायाखालून सुटते. म्हणजे आपल्याकडून जाणाऱ्याला घाटाची पहिली भेट घडते ती उतारावर. सैल झालेल्या मनाने त्या उतारास लागणे धोक्याचे असते.

येथे सोबतीचा प्रश्न येतो. मोटारसायकल वळणावर कलते, हे आपण पाहिले आहे. तिच्याबरोबर मागे बसलेल्यानेही कलले पाहिजे. तो भिऊन ताठ राहिला, तर चालविणाऱ्यास गाडी अधिक कलवावी लागते, आणि ज्या भीतीने तो ताठ राहिला तीच खरी होण्याचा संभव वाढतो. पुढच्यावर भरवसा ठेवून अंग सोडणे, हे मागच्याचे काम. तो भरवसा राखणे, हे पुढच्याचे काम. आणि ते राखावयाचे कसे, याचे शास्त्र साधे आहे. ज्या गिअरात चढ चढलो असतो त्याच गिअरात उतरावे, म्हणजे इंजिनच गाडी आवरून धरते. सगळा भार ब्रेकवर टाकला, तर ते तापून निकामी होऊ लागतात. चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अंतर चौपट लागते, हे गणित तर शाळेतल्या मुलांसही समजेल. ओल्या रस्त्यावर ते याहूनही कठोर होते.

परंतु शास्त्राने सगळे भागत नाही. धावत्या गाडीवर बोललेले वाऱ्यात उडून जाते. म्हणून आम्हा दोघांत पूर्वीपासून एक खूण ठरलेली आहे: मागच्याने खांद्यावर एक थाप मारली की वेग कमी, दोन थापा मारल्या की थांबावयाचे.

त्या दिवशी मित्र चालवीत होता, मी मागे होतो. घाटाच्या तोंडाशी धुके इतके उतरले की पुढच्या चाकापलीकडचे दिसेना. डाव्या अंगाच्या झाडीत काही मोठे जनावर सरकल्याचा मला भास झाला. या रानात गवे आहेत, हे आपण जाणताच. मी दोन थापा मारल्या. गाडी थांबली. आम्ही कडेला उभे राहिलो. गवा आला नाही. काहीच आले नाही. पानांवरून पाणी ठिबकत होते, तेवढाच आवाज. चारपाच मिनिटांनी तो एवढेच म्हणाला, "निघायचं?"

श्रोतेहो, मला या प्रवासात सर्वांत मोलाचे वाटले ते हे. गवा दिसला असता तर माझी थाप सार्थ ठरली असती आणि त्याचे थांबणेही शहाणपणाचे ठरले असते. पण काहीही सिद्ध झाले नसताना तो हसला नाही, 'उगाच थांबविलेस' असे म्हणाला नाही. म्हणूनच पुढच्या वळणावर मी पुन्हा थाप मारू शकलो असतो. ज्याची थट्टा झाली तो मित्र दुसऱ्यांदा सावध करीत नाही. आणि त्याच वेळी गवा खरोखरच उभा असतो.

याच मुलुखातून जुलै १६६० मध्ये शिवाजीमहाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून भर पावसात विशाळगडाकडे गेले. शिवा काशीद महाराजांच्या वेषात शत्रूपुढे गेले, बाजीप्रभू बांदलांच्या मावळ्यांसह घोडखिंडीत मागे राहिले. आपल्या सहलीची त्या रात्रीशी तुलना करणे उद्धटपणाचे होईल, आणि मी ती करीत नाही. मी इतकेच म्हणतो, की ज्या डोंगरात माणसांनी प्राण दिले ते कशासाठी दिले हे त्यांस ठाऊक होते, त्याच डोंगरात एखाद्या वळणावर, मित्रांच्या टाळ्यांसाठी किंवा एका छायाचित्रासाठी विशीतला मुलगा जावा, याहून मोठी उधळपट्टी कोणती?

दोन महिन्यांत पाऊस सुरू होईल. मसाईच्या पठारावरचा जांभा हिरवा होईल, पुढे त्यावर तेरडा आणि सोनकी फुलेल, आणि आपली मुले निघतील. त्यांना अडवू नका. डोंगर पाहिलाच पाहिजे. तो न पाहता वारणेचे पाणी पिणे म्हणजे आजोळ न पाहता वाढण्यासारखे आहे. १९८८ च्या कायद्याने पुढच्याच्या आणि मागच्याच्याही डोक्यावर हेल्मेट सांगितले आहे. ते आहे ना, एवढे पहा. आणि निघताना त्यांना एक प्रश्न विचारा: "मागं कोण बसणार, आणि तो हळू म्हणाला तर तू ऐकशील ना?" या प्रश्नास ज्याचे उत्तर चटकन 'होय' असे येईल, त्याला खुशाल जाऊ द्या. जो अडखळेल, त्याला अजून चांगला मित्र मिळावयाचा आहे, किंवा त्याला स्वतःला चांगला मित्र व्हावयाचे आहे.