आतड्याची वर्दी आणि बीटा पेशींचे रक्षण



मुलांना व तरुणांना बहुधा अकस्मात गाठणारा जो मधुमेह, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींना परके मानून त्यांचा विध्वंस करते, त्याचा विचार दीर्घकाळ आक्रमकाच्या अंगानेच झाला. परंतु ज्यांच्यावर आक्रमण होते त्या पेशींचेही स्वतःचे काही बळ असते, आणि ते वाढविण्याचे सामर्थ्य असलेले एक द्रव्य आपल्या आतड्यातच निर्माण होते, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

या विचाराचे मूळ १९०२ सालच्या जानेवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झालेल्या एका प्रयोगात आहे. अन्न आतड्यात उतरल्याची वर्दी स्वादुपिंडाला मज्जातंतूंमार्फत पोहोचते, हे पाव्हलॉव्हप्रभृती पंडितांचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. बेलिस व स्टार्लिंग यांनी बेशुद्ध कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून त्यात सौम्य आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडातून रस पाझरू लागला. तेव्हा स्टार्लिंगने आतड्याचे अस्तर खरवडले, वाळू व आम्ल घालून ते घोटले, गाळून घेतले आणि तो अर्क शिरेत टोचला. थोड्याच वेळात रस पुन्हा वाहू लागला. वर्दी रक्तातून जात होती!

पुढे १९६४ साली असे आढळले की, तोंडावाटे घेतलेले ग्लुकोज शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा कितीतरी अधिक इन्सुलिन स्रवविते. हा अधिक स्राव घडविणारी आतड्यातील संप्रेरके दोन, जीआयपी आणि जीएलपी-१. त्यांपैकी दुसऱ्याचे कार्य १९८७ च्या सुमारास बोस्टन व कोपनहेगन येथील संशोधकांनी सिद्ध केले. रक्तात त्याचे अर्धे प्रमाण सुमारे दोन मिनिटांतच नाहीसे होते; म्हणून त्याच्यासारखी, पण दीर्घकाळ टिकणारी औषधे घडवावी लागली, आणि त्यांतील पहिले २००५ साली मंजूर झाले ते गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतील द्रव्यावरून बेतलेले होते.

बीटा पेशीचे दुखणे तिच्या उद्योगातच आहे. अहोरात्र इन्सुलिन घडविणाऱ्या या पेशीवर दाहकारक द्रव्यांचा मारा झाला की प्रथिनांना योग्य घडी घालण्याचे तिचे काम बिघडते, सदोष प्रथिने आत साचतात, आणि स्वतःच्या पृष्ठभागावर अंतर्भागाची ओळख पटविणारी चिन्हे ती अधिक प्रमाणात मांडू लागते. त्यामुळे मारेकरी टी-पेशींना ती अधिकच सहज सापडते. जीएलपी-१ तिच्या ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन भिडले म्हणजे आत चक्रीय एएमपी नामक निरोप्याचे प्रमाण वाढते, सदोष प्रथिने साचल्याने पेशीवर आलेला ताण हलका होतो आणि आत्मनाशाकडे जाणारी वाट रोखली जाते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत व उंदरांत हे पुष्कळदा दिसले आहे. माणसांतही असेच घडते का, हाच खरा प्रश्न.

याचा एक विचारार्ह पुरावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. नुकतेच निदान झालेल्या ३०८ प्रौढांवरील या चाचणीत काहींना प्रतिकारशक्तीतील इंटरल्युकिन-२१ या द्रव्याला आवरणारे प्रतिपिंड, काहींना जीएलपी-१ सदृश लिराग्लुटाइड, काहींना दोन्ही आणि उरलेल्यांना निष्क्रिय औषध मिळाले. शरीराचे स्वतःचे इन्सुलिन किती, हे दाखविणारे सी-पेप्टाइड ५४ आठवड्यांत निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांनी घटले, दोन्ही घेणाऱ्यांत केवळ १० टक्क्यांनी. एकेकट्या औषधाला मात्र निर्णायक यश आले नाही. वेढा घालणाऱ्याला आवरणे आणि किल्ल्यातील शिबंदीला रसद पुरविणे ही दोन्ही कामे एकत्र व्हावयास हवीत, असाच याचा अर्थ मी घेतो. यापुढील संशोधनाची दिशा तीच असावी, असे माझे निश्चित मत आहे.

तथापि औषधे थांबविल्यावर हा लाभ ओसरला, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. शिवाय हा आजार जुना झालेल्या रुग्णांत इन्सुलिनच्या जोडीला लिराग्लुटाइड दिले असता रक्तशर्करा घसरण्याचे व कीटोन वाढण्याचे प्रसंग अधिक दिसून आले.

म्हणून येथे बसलेल्या मातापित्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मूल वारंवार पाणी पिऊ लागले, वरचेवर लघवीला जाऊ लागले, खाऊनही रोडावू लागले, तर त्याच दिवशी त्याची रक्तशर्करा तपासून घ्या, आणि निदान झालेल्या मुलाचे इन्सुलिन कोणत्याही नव्या औषधाच्या बातमीवर विसंबून एक दिवसही बंद करू नका.