बैठकांनी काय होतं?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संक्षेप)



आपण वस्त्यांत, पाड्यांवर बायकांच्या बैठका घेतो. निधी देणारे विचारतात, "नुसतं बसून बोलल्यानं काय होतं?" आपण एखादीची गोष्ट सांगतो. ती खरीच असते. पण "एकीचं झालं म्हणून सगळ्यांचं होईल का?" हा त्यांचा पुढचा प्रश्नही रास्त आहे.

याच प्रश्नावर झालेले अभ्यास पाहू. गरोदर बायकांसह गावातल्या बायका दरमहा जमल्या, अडचणी मांडल्या, उपाय ठरवले. नेपाळमधल्या मकवानपूरमध्ये नवजात बाळांचे मृत्यू 30 टक्क्यांनी घटले, असं 2004 साली प्रसिद्ध झालं. झारखंड-ओडिशातल्या 'एकजुट' संस्थेच्या कामातही (2010) मोठी घट दिसली. पण त्याच वर्षी बांगलादेशच्या अभ्यासात काही फरक दिसला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या अभ्यासातही (2012) मृत्यू घटल्याचं आढळलं नाही.

आता बैठका हव्या असणारी नेपाळ दाखवील, नको असणारा बांगलादेश. शितावरून भाताची परीक्षा हंडीपुरती ठीक, समाजाला लागू नाही. म्हणून एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास आधी ठरवलेल्या नियमांनी शोधायचे, त्यांचा कस तपासायचा आणि मग एकत्र हिशेब मांडायचा. गैरसोयीचा अभ्यास वगळायचा नाही.

असा हिशेब 2013 साली 'लॅन्सेट'मध्ये आला: 4 देश, 7 अभ्यास, 1,19,428 जन्म. एकूणात नवजात मृत्यू 23 टक्क्यांनी कमी निघाले, मातामृत्यूही घटले. जिथे किमान 30 टक्के गरोदर बायका गटांत आल्या, तिथे नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होते. बांगलादेशात पहिल्या वेळी सुमारे 1,400 लोकसंख्येमागे एकच गट होता. 'एकजुट'च्या भागात 468 मागे एक. पुढे बांगलादेशात गट वाढवले, तेव्हा तिथेही मृत्यू घटले. 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेनं अशा गटांची शिफारस केली, विशेषतः आरोग्यसेवा तोकड्या असलेल्या ग्रामीण भागासाठी.

यातून आपण काय घ्यायचं? निधी कापून 'एका कार्यकर्तीनं दहा गावं बघावीत' असं कुणी म्हणालं, तर हा हिशेब पुढे ठेवायचा: गट विरळ केले की बैठकीचा उपयोगच जातो. आणि मुंबईचा निकाल आपणही लपवायचा नाही. शहरातल्या वस्तीत दवाखाना जवळ असतो, अडचणी वेगळ्या असतात. तिथे काय करावं हे तिथल्या बायकांनाच विचारावं लागेल.

आणखी एक. या बेरजेत मोजलं गेलं ते बाळ-बाळंतिणीचं जगणं. नवऱ्याची मारहाण, घरात बाईच्या शब्दाला किंमत, यांचा हिशेब त्यात नाही. जे मोजलं जात नाही, ते निर्णयाच्या टेबलापर्यंत पोचत नाही. म्हणून अहवाल वाचायला शिकूच. पण काय मोजायचं हे ठरतं तिथेही आपण बसलं पाहिजे.